नागपूरच्या हिस्लॉपचं चरित्र गावात बसून कसं लिहायचं

स्टीफन हिस्लॉप हे नाव विदर्भात बहुतेकांना कॉलेजच्या पाटीमुळे माहीत असतं. माणूस मात्र माहीत नसतो. स्कॉटलंडमधल्या डन्स गावी ८ सप्टेंबर १८१७ ला जन्म, फ्री चर्चचा मिशनरी म्हणून १८४५ मध्ये नागपुरात आगमन, शाळा, गोंडी भाषेची टिपणं, जीवाश्मांचा शोध आणि ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून मृत्यू. एवढ्या चार ओळी कुठेही मिळतात. त्यांचं चांगलं चरित्र करायचं तर दोन प्रकारचा पुरावा लागतो. एक त्या काळात लिहिला गेलेला कागद, दुसरी ही जमीन. कागद बराचसा एडिनबर्ग-लंडनला असला तरी त्यातला मोठा भाग आता मोबाइलवर उघडतो. जमीन तर आपल्या दारात आहे, आणि या बाबतीत बुटीबोरीचा किंवा हिंगण्याचा लेखक परदेशातल्या अभ्यासकाच्या पुढे आहे. म्हणून हे काम तालुक्याच्या गावीच व्हायला हवं.

साहित्य फार लागत नाही. दोनशे पानी दोन वह्या, पोस्टकार्डाच्या आकाराची शंभरेक कोरी कार्डं, मोबाइल, टॉर्च, वीस-तीस मीटरचा टेप, जिल्ह्याचा नकाशा आणि इंग्रजी वाचणारा एखादा सोबती. नोकरी किंवा शेती सांभाळून करणाऱ्याने एक पूर्ण वर्ष धरावं. पावसाळ्यात वाचन, दिवाळीनंतर फिरणं, उन्हाळ्यात लेखन, असं वेळापत्रक विदर्भाच्या हवामानाला सोयीचं पडतं.

आधी चर्च कोणतं ते पक्कं करा

हे न करता शोध सुरू केला की महिनाभर चुकीच्या पुस्तकात जातो. हिस्लॉप ज्या प्रेस्बिटेरियन पंथाचे, त्यात बिशप नसतो. मंडळीतले, म्हणजे एका चर्चच्या सभासदांतले, निवडलेले वडीलधारे आणि पाळक (पाद्री) मिळून कारभार पाहतात. खाली मंडळीची सेशन, तिच्यावर प्रेस्बिटरी, मग सिनड, सर्वांत वर जनरल असेंब्ली. त्यामुळे ‘नागपूरच्या बिशपने हिस्लॉपला नेमलं’ अशा अर्थाचं वाक्य कुठे दिसलं तर तो लेखक बाकीही चुकला असणार असं समजून सावध व्हा.

दुसरी गोष्ट १८४३ ची. त्या वर्षी १८ मे रोजी एडिनबर्गमध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं. पाळक नेमताना जमीनदार आणि सरकार यांचं चालावं की मंडळीचं, हा वाद होता. चारशेहून अधिक पाळक पगार, घर, चर्च सोडून बाहेर पडले आणि थॉमस चाल्मर्स यांच्या अध्यक्षतेखाली फ्री चर्च उभं राहिलं. भारतातले स्कॉटिश मिशनरीही फ्री चर्चकडे गेले. हिस्लॉप या नव्या चर्चचे. म्हणून चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पाळकांच्या सूचीत त्यांना शोधत बसू नका. १८४३ ते १९०० या काळातल्या फ्री चर्चच्या पाळकांची सूची विल्यम यूइंग यांनी संपादित केली, ती १९१४ मध्ये छापली गेली. नाव तिथे पाहायचं.

पुढे १९०० मध्ये फ्री चर्चचा मोठा भाग युनायटेड प्रेस्बिटेरियनांशी जोडला गेला, १९२९ मध्ये त्यातले बहुतेक परत चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये आले. आपल्याकडे २९ नोव्हेंबर १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आणि ती नागपुरातच झाली. कागदांची मालकी या वळणांनी सरकत गेली. फ्री चर्चच्या परदेशी मिशनचा पत्रव्यवहार एडिनबर्गच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहे. इथल्या मंडळ्यांची जुनी रजिस्टरं विचारायची तर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या स्थानिक पाळकांकडे जावं लागतं. जाताना हात हलवत जाऊ नका. कोणत्या वर्षांची, कोणती नोंद हवी, हे एका पानावर लिहून न्या. ‘जुनं काही असेल तर दाखवा’ म्हणणाऱ्याला कुणी कपाट उघडून देत नाही.

तारखांचा सांगाडा

एका कार्डावर एकच घटना लिहा. वर तारीख, मध्ये घटना, खाली ती कोणत्या कागदात, कोणत्या पानावर मिळाली. उजव्या कोपऱ्यात एक अक्षर: ‘त’ म्हणजे त्या वेळीच लिहिलेलं, ‘न’ म्हणजे नंतर कुणी सांगितलेलं. शेवटी चरित्र लिहायला बसाल तेव्हा हे कोपऱ्यातलं अक्षर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. ज्या घटनेची सगळी कार्डं ‘न’ आहेत, तिथे वाक्य जपून लिहायचं.

वयाचा हिशेब कार्डावरच करा. १८६३ मधून १८१७ वजा केले की ४६ येतात. पण त्यांचा जन्म ८ सप्टेंबरचा आणि मृत्यू ४ सप्टेंबरचा. शेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस कमी होते. मृत्यूसमयी वय ४५, हेच बरोबर.

पाळकांच्या बाबतीत प्रवचनाचा परवाना आणि दीक्षाविधी या दोन वेगळ्या घटना असतात. आधी प्रेस्बिटरी परवाना देते, मग एखादी मंडळी किंवा मिशन बोलावतं, आणि त्यानंतर दीक्षा होते. मध्ये काही महिने, कधी वर्षंही जातात. एका लेखकाने परवान्याची तारीख दिली आणि दुसऱ्याने दीक्षेची, की लोक तो ‘मतभेद’ समजतात. दोन्हींची वेगळी कार्डं केली की भांडण मिटतं.

स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८५५ पासून सुरू झाली. त्याआधीची नोंद चर्चच्या रजिस्टरात, आणि ती मुख्यतः बाप्तिस्म्याची. १८१७ चा जन्म शोधताना बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून उतरवली जाते, हे नेहमी घडतं. रजिस्टरात कोणता शब्द आहे तो जसाच्या तसा कार्डावर घ्या.

मराठी कागद हाती आला आणि त्यावर शके वर्ष दिलेलं असेल तर गुढीपाडव्यानंतरच्या तारखेला इसवी सनातून ७८ वजा, पाडव्याआधी ७९ वजा. म्हणजे सप्टेंबर १८६३ हा शके १७८५, पण फेब्रुवारी १८४५ हा शके १७६६. जानेवारी ते मार्चमधल्या घटनांत हा एका वर्षाचा फरक हमखास राहून जातो. इंग्रजी पत्रात वार दिला असेल तर तोही पडताळा. ४ सप्टेंबर १८६३ ला शुक्रवार होता. वार जुळत नसेल तर तारीख नक्कल करताना बिघडली असण्याचीच शक्यता जास्त.

कागद कुठे आणि कसे शोधायचे

मुख्य छापील आधार तीन. जॉर्ज स्मिथ यांनी १८८८ मध्ये लिहिलेलं इंग्रजी चरित्र. मध्य प्रांतातल्या आदिवासींवरची हिस्लॉप यांची टिपणं, जी त्यांच्या मृत्यूनंतर तिथले मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. आणि लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकातले त्यांचे लेख: सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर लिहिलेला, १८५५ च्या खंडातला नागपूर मुलखाच्या भूस्तरांवरचा, आणि १८६० च्या खंडातला एकट्याचा. हंटर १८५५ मध्ये मायदेशी परतले आणि पुढे मोठ्या इंग्रजी कोशाचे संपादक म्हणून नावाजले गेले. त्यांनी १८७३ मध्ये फ्री चर्चच्या मिशनांचा इतिहासही लिहिला. इतक्या जुन्या पुस्तकांना स्वामित्वहक्काची अडचण नाही, इंटरनेट अर्काइव्हवर अशी पुस्तकं मोफत मिळतात.

गावात नेट रडत असेल तर पुस्तकाची चित्रप्रत उतरवत बसू नका. तिथेच ‘फुल टेक्स्ट’ नावाची निव्वळ अक्षरांची फाइल असते, ती फारच लहान असते. तीत शोधा, पानाचा अंदाज घ्या, मग तेवढं एकच पान चित्रप्रतीत उघडून ताडा. ताडणं टाळू नका. यंत्राने वाचलेल्या मजकुरात इंग्रजी ‘एल’ आणि आकडा एक, ‘ओ’ आणि शून्य यांची अदलाबदल असते, ३ चा ८ होतो. १८५३ चं १८५८ झालं तर मधलं सगळं सत्तावनचं वर्ष इकडचं तिकडे होतं.

गावांची नावं आजच्या स्पेलिंगने सापडत नाहीत. नागपूरच्या शेवटी ‘यूआर’च्या जागी ‘ओआरई’ घालून पाहा. कामठीला ‘कॅम्प्टी’सारखं लिहायचे, सीताबर्डीत दोन ‘ई’ आणि मध्ये ‘यू’ येतो, टाकळघाटमध्ये ‘ए’च्या जागी ‘यू’. एका नावाची चार-पाच रूपं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि प्रत्येक फाइलमध्ये सगळी चालवा.

एकाच नावाची गावं ही दुसरी पंचाईत. टाकळी विदर्भात जिल्ह्याजिल्ह्यात आहे. हिस्लॉपच्या जीवाश्मांची टाकळी म्हणजे नागपूर शहराला लागून असलेली, आता शहरातच आलेली. १८५७ च्या जूनमध्ये उठाव करू पाहणाऱ्या घोडदळाची टाकळीही तीच. मांगलीही एकाहून जास्त आहेत. आणि टाकळघाटच्या शेजारची बोरी म्हणजे आजचा बुटीबोरीचा परिसर. प्रत्येक वेळी मूळ मजकुरातलं अंतर आणि दिशा पाहा. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर, एक कोस साधारण ३ किलोमीटर. नकाशावर वर्तुळ काढलं की चुकीची मांगली आपोआप बाहेर पडते.

लष्करी छावणीतले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या नोंदींमध्ये आहेत. त्या बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांत विभागल्या आहेत. कामठीची छावणी मद्रासच्या फौजेकडे होती, म्हणून तिथलं नाव आधी मद्रासच्या सूचीत शोधा. मध्य भारत म्हणून बंगालमध्ये शोधणारे रिकाम्या हाताने परततात.

तेव्हा राज्य कुणाचं होतं

हिस्लॉप आले तेव्हा नागपुरात भोसल्यांची गादी होती, तिसरे रघुजी राजे होते आणि बाजूला इंग्रज रेसिडेंट. डिसेंबर १८५३ मध्ये रघुजी निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. वऱ्हाड निजामाचं होतं आणि १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. मध्य प्रांत १८६१ चा, टेंपल तिथे आले १८६२ मध्ये. हिस्लॉप यांच्या अठरा वर्षांत तीन वेगवेगळ्या राजवटी येतात, आणि मिशनची शाळा, धर्मांतर, जमीन, कोर्ट यांपैकी काहीही सांगताना कोणतं वर्ष आहे यावर सगळं अवलंबून असतं. १८४८ मधल्या तक्रारीला ‘कलेक्टरकडे अर्ज’ असं लिहिलं की चरित्र तिथेच कोसळतं.

तसंच रेल्वेचं. नागपूरला गाडी १८६७ मध्ये आली. हिस्लॉप यांनी नागपुरात कधीच रेल्वे पाहिली नाही. मुंबई-नागपूर प्रवासाचा बहुतेक भाग घोडा, बैलगाडी आणि पायी, असाच रंगवायला हवा. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी स्मरणार्थ नाव दिलेलं. ‘त्यांनी कॉलेज काढलं’ हे वाक्य आजही स्मरणिकांत छापून येतं. त्यांनी काढल्या त्या शाळा.

रकमा पौंडांत असतात. त्या काळात एक पौंड म्हणजे जवळपास दहा रुपये. मात्र त्याचं आजच्या रुपयांत रूपांतर करू नका, त्यातून काहीच कळत नाही. त्याच वर्षीच्या गॅझेटियरमध्ये किंवा जमीन बंदोबस्ताच्या (महसूल ठरवण्याच्या) अहवालात ज्वारीचा भाव, शिपायाचा पगार मिळाला तर शेजारी ठेवा. वाचकाला लगेच अंदाज येतो.

टाकळघाट ते बोरी

या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका. १८६३ च्या सप्टेंबरात टेंपल यांच्या दौऱ्यात हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेले होते. बोरीच्या मुक्कामाकडे परतताना नाल्याच्या पाण्यात ते गेले. इंग्रजी लेखक हे दोन वाक्यांत सांगून पुढे जातात, कारण त्यांनी काळ्या मातीतला नाला कधी पाहिलेला नसतो. आपल्याकडच्या माणसाला ठाऊक असतं की वर पाच-सहा किलोमीटरवर सर पडली तर इथे आभाळ मोकळं असतानाही नाला तासाभरात भरतो. काठाची काळी माती भिजली की घोड्याचा पाय रुततो, आणि गढूळ पाण्यात तळाचा खड्डा दिसत नाही. हे लिहिता येणं ही तुमची ताकद आहे. फक्त ते कल्पनेने न लिहिता तपासून लिहा.

पहिल्यांदा मृत्यूविषयीचा प्रत्येक मजकूर स्वतंत्र कार्डावर घ्या आणि चारच प्रश्न विचारा. कोण सोबत होतं? कुठून कुठे? दिवसाचा कोणता प्रहर? पाणी किती? जिथे उत्तर नाही तिथे रिकामी जागा ठेवा, भरू नका.

मग गावाचा नकाशा. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात टाकळघाट आणि लगतच्या गावांचे नकाशे अर्ज करून, फी भरून मिळतात. त्यावर नाले, पांदण आणि गाडवाटा दिसतात. नागपूरकडच्या गावांना निस्तार पत्रकही असतं. गावाची सामायिक वहिवाट, म्हणजे कुठे पाणी, कुठे गुरं, हे त्यात सापडतं. टाकळघाट ते बोरी या रेषेत कोणकोणते नाले आडवे येतात ते पेन्सिलने खुणावा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरच्या उंचीच्या रेषा शेजारी ठेवा, म्हणजे प्रत्येक नाल्यात किती रानाचं पाणी येतं त्याचा अंदाज येतो. एक अडचण धरून चाला: औद्योगिक वसाहत, चौपदरी रस्ता आणि बांधबंदिस्तीमुळे पाण्याच्या वाटा बदलल्या आहेत. आजचा पूल जिथे आहे तिथेच तेव्हा उतार होता असं समजू नका. जुना उतार बहुधा पसरट, खडकाळ तळाच्या जागी असतो, कारण गाड्या तिथूनच जाऊ शकत. अशा जागा पांदणीच्या टोकाला शोधा.

त्या दिवशी उजेड किती होता, हे हिशेबाने काढता येतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला नागपूरकडे सूर्य आजच्या घड्याळाने साडेसहाच्या आसपास मावळतो. पौर्णिमा उलटून तेव्हा सहाएक दिवस झाले होते, म्हणजे कृष्णपक्ष, आणि चंद्र बऱ्याच रात्री उगवणारा. तुमच्या कार्डांतला प्रहर दिवस मावळल्यानंतरचा निघाला तर वाटेवर अंधारच असणार. पंचांग जाणणाऱ्या कुणाकडूनही हे पडताळून घ्या.

जागेवर जायचं ते डिसेंबर-जानेवारीत. गवत बसलेलं असतं, शिळा दिसतात. पावसाळ्यात एकदा जायला हरकत नाही, पण फक्त काठावरून पाणी बघायला. मोटरसायकल घालून ‘किती वाहतं ते पाहू’ हा उद्योग कुणी करू नये. माणूस ज्या पाण्यात गेला त्याचं चरित्र लिहिताना ते पाणी अजून तसंच आहे हे ध्यानात असू द्या. शेतातल्या वर्तुळाकडे जाताना मालकाला विचारा, धुऱ्याने जा, उभ्या तुरीतून नको. नागपूर जिल्ह्यातली अनेक शिळावर्तुळं कायद्याने संरक्षित आहेत. दगड हलवणं, खणणं, खापर खिशात घालणं बंद. व्यास टेपने दोन काटकोनी दिशांनी मोजा, शिळा मोजा, सर्वांत मोठ्या शिळेची उंची लिहा, फोटोत मोजपट्टी ठेवा. टाकळघाट आणि खापा इथे १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. त्याचा अहवाल वाचूनच जा, म्हणजे आपण लोहयुगातली दफनं पाहतो आहोत हे कळेल आणि ‘राक्षसांचे खेळ’ यापलीकडे दोन वाक्यं लिहिता येतील.

दगड आणि जीवाश्म

हिस्लॉप प्रशिक्षित भूवैज्ञानिक नव्हते. हिवाळ्यात गावोगाव प्रवचनाला हिंडताना दगड पाहायचे. त्यामुळे दौऱ्याची नोंद आणि दगडाची नोंद शेजारी लावली की माणूस उलगडतो: महिना, गाव, तिथे काय शिकवलं, तिथे काय सापडलं. चार रकान्यांचा तक्ता पुरे.

मांगलीच्या वालुकाश्मातली उभयचर प्राण्याची कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचं वर्णन ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स या नावाने केलं. नागपूरच्या आसपासच्या एका हिरव्या कॅल्साइटला हिस्लोपाइट नाव मिळालं, हंटर यांच्या नावाचंही खनिज झालं. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात शिंपले, बिया, फळं सापडली. लिहिताना चूक होते ती इथे: हिस्लॉप यांचं त्या वेळचं मत आणि आजचं ज्ञान एकाच वाक्यात मिसळतात. ते थर त्यांनी तृतीयक, म्हणजे डायनासोरांनंतरच्या, काळातले मानले. आज दख्खनच्या लाव्हाचं वय साधारण साडेसहा कोटी वर्षं धरतात. त्यांचं मत त्यांच्या परिच्छेदात, आजचं वेगळ्या वाक्यात, वेगळ्या परिच्छेदात असलं तर उत्तम. शंका आली तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे.

गोंडी टिपणं वाचताना

१८६६ च्या पुस्तकात गोंडी शब्द आहेत आणि लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाचं दीर्घ गीत आहे. हे हिस्लॉप यांनी रचलेलं नाही, गोंडांचे परंपरागत गायक असलेल्या प्रधान लोकांच्या तोंडून आलेलं आहे. चरित्रात ते ‘हिस्लॉपचं गीत’ होता कामा नये. गाणारे, दुभाषे, वाट दाखवणारे, शाळेत शिकवणारे देशी मास्तर यांच्याविषयी छापील मजकुरात जेवढं मिळेल तेवढं गोळा करा आणि त्यांना स्वतंत्र प्रकरण द्या. मिशनचे अहवाल देणगीदारांसाठी लिहिले जात, त्यात पाळक पुढे आणि बाकी मंडळी मागे राहतात. हे असंतुलन आपण दुरुस्त करू शकतो. मजकूर गोंडी जाणणाऱ्याला वाचून दाखवा. रोमन लिपीत उतरवताना जे बिघडलं ते बोलणारा कान लगेच पकडतो. ध्वनिमुद्रण करायचं तर आधी परवानगी, आणि लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवणं हा कामाचाच भाग माना.

धर्मांतराची प्रकरणं येतील तेव्हा मिशनची बाजू आणि घरच्यांची बाजू दोन्ही शोधा. फक्त मिशनचाच कागद मिळाला तर ‘मिशनच्या अहवालानुसार’ हे शब्द वाक्यात राहू द्या.

विधिमंडळाचा चॅप्लेन असेल तर

हीच पद्धत त्याच काळातल्या दुसऱ्या प्रेस्बिटेरियन पाळकाला लावायची असेल, विशेषतः अमेरिकेतल्या, तर एक पद नीट समजून घ्या. तिथे सिनेट आणि प्रतिनिधिगृह आपापला चॅप्लेन निवडतात. तो सभासद नसतो, त्याला मत नसतं, कामकाज त्याच्या प्रार्थनेने सुरू होतं. आपल्याकडे विधिमंडळात असं पद नाही, म्हणून मराठीत लोक त्याला ‘सरकारी पाद्री’ करून टाकतात, किंवा लष्करातल्या चॅप्लेनशी गल्लत करतात. एकोणिसाव्या शतकात तो बहुधा वॉशिंग्टनमधल्या स्वतःच्या मंडळीचा पाळक राहूनच हे काम करी.

फिनियस गर्ली घ्या. १८५९ ते १८६१ सिनेटचे चॅप्लेन, न्यूयॉर्क अव्हेन्यू प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक. लिंकन त्यांच्याच चर्चला जात, आणि १९ एप्रिल १८६५ ला व्हाइट हाउसमधल्या अंत्यविधीचं प्रवचन गर्लींनी दिलं. त्यांच्यामागून बायरन संडरलँड आले: १८६१ ते १८६४, आणि पुन्हा १८७३ ते १८७९. अशा खंडित कारकिर्दीला ‘१८६१ ते १८७९’ असं सलग लिहिण्याचा मोह होतो. दोन कार्डं करा. निवडीची तारीख सिनेटच्या जर्नलमध्ये मिळते, कामकाज १८७३ पर्यंत काँग्रेशनल ग्लोबमध्ये आणि नंतर काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये. दोन्ही लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. प्रवचन सापडलं तर ते दिलं कधी आणि छापलं कधी, दोन्ही तारखा घ्या. पदामुळे माणूस मोठा दाखवण्याचीही गरज नाही. गर्लींचं आयुष्य त्यांच्या मंडळीच्या नोंदींत जास्त सापडेल, सिनेटच्या दोन वर्षांत कमी.

थडगी आणि शिलालेख

जुन्या दफनभूमीत परवानगी घेऊन सकाळी लवकर किंवा ऊन उतरताना जा. डोक्यावरच्या उन्हात अक्षरं सपाट दिसतात, तिरक्या उजेडात खोदकामाच्या कडेला सावली पडते. सावलीतला दगड असेल तर टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरा आणि डावीकडून, उजवीकडून, खालून असे तीन फोटो काढा. खडूने अक्षरं भरू नका, तारेचा ब्रश, आम्ल, साबण नको. शेवाळ असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, तेही दगड भुगा होत नसेल तरच. मजकूर ओळीवार उतरवा, ओळ जिथे तुटते तिथे आडवी रेघ द्या, न वाचता आलेल्या अक्षराजागी टिंब. अंदाजाने शब्द पूर्ण केला तर तो चौकटी कंसात. शिलालेखावरची तारीख ‘न’ वर्गातली धरा. दगड बहुतेकदा मृत्यूनंतर काही काळाने बसतो.

लिहायला बसल्यावर

कार्डं जन्मापासून मृत्यूपर्यंत फरशीवर मांडा. मोठ्या फटी लगेच दिसतात. फट असेल तर तिथे अंदाजाची गोष्ट रचू नका, त्या वर्षांत नागपुरात काय चाललं होतं ते सांगा. पाचशे शब्दांमागे निदान एक जागा वाचकाच्या ओळखीची असू द्या, सीताबर्डीची टेकडी, कामठीचा वालुकाश्म, वेणेचा काठ. अठराशे साठच्या आधीची शहराची वस्ती आजच्यासारखी कल्पू नका. १८७० मध्ये छापलेलं मध्य प्रांताचं गॅझेटियर त्यासाठी उघडं ठेवा.

जॉर्ज स्मिथ यांचं चरित्र भक्तिभावाने लिहिलेलं आहे. माहिती घ्या, विशेषणं सोडा. ‘थोर’, ‘त्यागमूर्ती’ काढून टाकलं की वाक्य छोटं होतं आणि माणूस जास्त स्पष्ट दिसतो. उलट बाजूने, मिशनरी म्हणून आधीच दोषी ठरवणारा सूरही तितकाच आळशी. गोंडी टिपणांत त्यांनी कान देऊन ऐकलं आहे, आणि त्याच पानांवर त्या काळातल्या युरोपियनाचे पूर्वग्रहही आहेत. दोन्ही उद्धृत करा.

छापण्याआधी मसुदा तिघांना द्या: चर्चची रीत जाणणारा, दगड जाणणारा, आणि टाकळघाट-बुटीबोरीकडचा शेतकरी. तिसऱ्याला नाल्याचं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा. पाणी कसं चढतं, कुठून उतरतं, यात खोट असेल तर तो तिथल्या तिथे थांबवेल. छापील प्रती तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात, टाकळघाटच्या शाळेत आणि हिस्लॉप कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवा. कार्डांचा गठ्ठा फेकू नका. त्याचे फोटो काढून एका पेनड्राइव्हवर वाचनालयाकडे द्या, आणि प्रतीच्या शेवटी चार कोरी पानं बांधून घ्या, दुरुस्त्या कुणाच्याही हातच्या तिथे लिहिता येतील.